मेंढ्यांचा जंत आणि माणसाचा जंत

मेहकर तालुक्यात जानेफळला जनावरांच्या दवाखान्यात मी नोकरीला लागलो, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. मी खामगावच्या कारकुनाचा मुलगा. मेंढ्या पाहिल्या होत्या त्या रस्त्यावर गाडी अडवणाऱ्या, तेवढ्याच. डॉक्टर मेहकरला बसत आणि आठवड्यातून एकदा येत. बाकीचे दिवस मलमपट्टी, औषध पाजणं मीच करी.

दिवाळी झाल्यावर एक धनगर आला. पळसाच्या पानात त्यानं मेंढ्यांच्या लेंड्या आणल्या होत्या. त्यात भाताच्या शितांसारखे पांढरे तुकडे दिसत होते.

"साहेब, हा किडा माह्या बायकोचा हाय," तो म्हणाला. "तिचा मेंढरांले लागला. म्हणून यंदा मेंढ्या फळल्याच नाहीत, गाभणच राहिल्या नाहीत."

"बायकोचा कसा?"

"तिच्या परसाकडेत असेच तुकडे पडते. फीत कापल्यावाणी. तिनंच सांगतलं मले."

"मग दवाखान्यात नेलं का तिला?"

"नाही. माहेरी धाडून देल्ली."

मी लेंड्या ठेवून घेतल्या आणि डॉक्टर येतील त्या दिवशी त्याला बोलावलं. डॉक्टरांनी तुकडे काडीनं उलटेपालटे करून पाहिले. "हा मेंढ्यांचा जंत वेगळा, माणसाचा वेगळा," ते म्हणाले. "हा गवतातून येतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही."

"मंग मेंढ्या काऊन फळल्या नाहीत?"

डॉक्टरांनी उलट त्यालाच विचारलं, मेंढे सोडले त्या दिवसांत कळप कुठं होता? तो आठवून सांगू लागला. खामगावच्या बाजाराला कळप नेला होता. गिऱ्हाईक जमलं नाही म्हणून तसाच उन्हातून परत हाकत आणला. पाणी वाटेत एकदाच मिळालं. आल्याबरोबर एका शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या, तर तिथं गावची कुत्री रोज कळपावर धावून जायची. दोन मेंढ्या फाडल्या. उरलेल्या कुंपणाला चिकटून उभ्या राहायच्या, चरायच्या नाहीत.

"एवढं झाल्यावर मेंढीचा माज चुकतो," डॉक्टर म्हणाले. "आणि गाभ राहिला तरी टिकत नाही. भेदरलेलं, थकलेलं अंग आधी स्वतःला सांभाळतं. तुझ्या बायकोचा यात काय संबंध?"

 मग डॉक्टरांनी विचारलं, घरी डुकराचं मटण कधी खाल्लं का? तो म्हणाला, होळीच्या सुमारास कुणीतरी रानडुक्कर मारलं होतं, त्यातला वाटा आला होता. घाईत भाजला, आत कच्चाच होता.

"एकट्या बायकोनं खाल्लं?"

"नाही. मी बी खाल्लं."

"मग तूही तुझ्या परसाकडेत बघ जाऊन."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच तो पायरीवर येऊन बसला होता. मी कुलूप काढलं तरी आत येईना. पायरीवरूनच म्हणाला, "साहेब, मले बी हाये."

त्या दिवशी त्याची मला कीव आली आणि रागही आला. त्याच्या बायकोचं माहेर देऊळगाव राजाजवळ होतं. तिला आणायला एकट्याला जायची त्याची छाती होईना, म्हणून मीही बसमध्ये बसलो. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. फार वाळली होती. मी दोन्ही जंतांचं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"मग आता तुम्हाला कोणाच्या माहेरी धाडायचं?"

तिचा बाप हसला. धनगर काही हसला नाही. "चुकलं माहं," एवढंच म्हणाला.

"इथं म्हणून काय उपयोग? मेंढरांच्या वाड्यावर, तुमच्या भावांसमोर म्हणा. त्यांच्यासमोरच मला किडकी म्हणालात."

तो तयार झाल्यावरच ती निघाली. आणि तो खरंच भावांसमोर म्हणाला. मी तिथंच उभा होतो. म्हणताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की एका भावानं "काय म्हन्लं?" असं विचारलं, तेव्हा त्याला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

मेहकरच्या सरकारी दवाखान्यात दोघांनाही उपाशीपोटी औषध दिलं, वर जुलाब दिला. बाईचा जंत हातभराहून कितीतरी लांब निघाला. पुढं काही महिने दोघांची तपासणी झाली, तुकडे पुन्हा दिसले नाहीत. मेंढ्यांना आम्ही जंतावर मोरचुदाचं पाणी पाजलं.

पुढच्या पावसाळ्यात मेंढे सोडले त्या दिवसांत त्यानं कळप कुठंच हलवला नाही. ओढ्याकाठीच ठेवला आणि कुत्र्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. त्या हिवाळ्यात मी वाड्यावर गेलो तेव्हा बहुतेक मेंढ्यांच्या मागं कोकरं होती. बाईनं मला चहा दिला. अंगानं भरली होती ती. नवरा कुठं आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, "एक मेंढी विताना अडली हाय, तिच्यापाशी बसले. तुम्हीच जाऊन बघा जरा." मी चहा तसाच ठेवून उठलो.