तांब्याच्या कड्याला लावलेलं कुंकू

अगं, ये अशी जवळ. कागदावर का होईना, मामीजवळ बस. लोणावळ्यापर्यंत येतेस, चिक्की घेतेस, मैत्रिणींबरोबर फोटो काढतेस आणि वडगावला उतरायला तेवढं होत न्हाई व्हय तुला?

तुझ्या मामांनी वर्कशॉपला जाणं सोडलंय.

परंदवडीच्या कारखान्यासाठी ते मशीन करत होते, आठवतंय ना? लय जोरात फिरणारा शाफ्ट होता त्याला. माझी शाळा चौथीपर्यंत, पण मामांच्या शेजारी बसून एवढं शिकले, की इतक्या वेगात रबराचं सील घासून जळतं. म्हणून तेल अडवायला शाफ्टला न टेकणारं सील घालायचं. पण फिरत्या शाफ्टमधली वीज बाहेर आणायची तर कुठंतरी टेकावंच लागतं. त्यासाठी शाफ्टवर तांब्याचं कडं आणि त्याला टेकलेला कार्बनचा ब्रश. आजारपणापासून मामांचा हात थरथरतो, तरी तो ब्रश त्यांनी स्वतः बसवला. अर्धा दिवस गेला त्यात.

नवं मशीन सुरू करण्याआधी मी हळदकुंकू लावते, नेहमी वरच्या झाकणावर. त्या दिवशी झाकण बसायचं होतं आणि कडं कसं, बांगडीसारखं चकाकत होतं. बोट ओलं करून तिथंच लावलं. तू दारातून हसलीस, "मामी, आता ओटी पण भरा त्याची!"

कारखान्यात मशीन चालू केलं तर वीज दाखवणाऱ्या मीटरचा काटा एका जागी ठरेना. ब्रशखाली ठिणग्या. उघडून बघितलं, कड्यावर चरे पडलेले. तिथल्या साहेबांनी नुसतं मामांच्या हाताकडं बघितलं.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं.

"अवो, माझं कुंकू गेलं ब्रशखाली. चूक माझी हाय."

"तू झाकणाला लावतीस. मला बरं वाटावं म्हणून बोलू नगंस."

"देवाशप्पथ, कड्याला लावलं!"

"ऱ्हाऊ दे. हात गेला माझा."

आता दाखवू तरी काय? कडं त्यांनीच घासून पुसलेलं. दिवसभर ओट्यावर बसतात, उजवा हात डाव्याखाली दाबून. वर्कशॉपची किल्ली खिळ्यालाच असते. मी रोज तेच सांगते, ते रोज मान हलवतात.

माझं ते मानत न्हाईत, पण तू बघितलं होतंस. फोनवर नको सांगू, मीच पढवलं म्हणतील. त्यांच्या समोर बसून सांग. येत्या रविवारी ये गं बाई, नक्की ये.