शेवग्याखालची जागा

दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, मान वर करून आभाळाकडे बघायचं आणि ओठांचा चंबू करून एक लांब, संथ शीळ घालायची. तिला चाल नाही, सूर नाही. शेजारचे मामा आमच्या परसात असे उभे राहिले की मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचो आणि मनात म्हणायचो, आज तरी कुत्र्यानं यांचं ऐकू नये.

कुत्रा माझा होता. त्यानं मामांचं ऐकलं नाही तर त्याला घरातून घालवावं लागणार होतं, हेही मला ठाऊक होतं. तरी मी तसं म्हणायचो. मत्सर माणसाला कुठवर नेतो हे मला या वयात, एका लॅब्राडॉरच्या लघवीवरून कळलं. लिहायला लाज वाटते, पण मामांबद्दल लिहायचं तर हे टाळता येत नाही.

परभणीत घरामागे लॉन करणं म्हणजे हौसेचा कहर. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. नळाला पाणी येतं तेव्हा घरातला प्रत्येक डबा रांगेत लागतो. तरीही बायकोनं परसात लॉन वाढवलं. भाज्या धुतलेलं पाणी, फिल्टरचं वाया जाणारं पाणी, सगळं जपून तिनं त्या गवताला पाजलं. मुलीची हळद याच लॉनवर करायची, कार्यालयात नाही, हे तिनं लग्न ठरायच्या आधीच ठरवलं होतं.

आणि त्याच लॉनवर कोको रोज सकाळी मधोमध जाऊन उभा राहायचा. चार दिवसांत तिथं थाळीएवढा पिवळा डाग पडायचा. मग दुसरा.

कोकोला मुलीनं आणलं होतं. ती नोकरीला पुण्याला गेली आणि तो आमच्याकडे राहिला. मी तसा घरात कमी बोलणारा माणूस. कचेरीतून आलो की खुर्चीत बसायचो, तो येऊन माझ्या पावलावर हनुवटी ठेवायचा, आणि तेवढ्यानं माझा दिवसभराचा शीण उतरायचा. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं वाटलंही नव्हतं.

"अहो, हळदीपर्यंत हे डाग गेले नाहीत तर याला दादाच्या शेतावर सोडून या," बायको म्हणाली. तिचा भाऊ पाथरीकडे शेती करतो. "तिथं मोकळं रान आहे. त्याला काय फरक पडतोय?"

त्याला पडला नसता. मला पडला असता.

मी सगळं करून बघितलं. गवतावर मिरचीपूड टाकली, तर कोको सोडून आम्हीच दोघं शिंकत बसलो. डांबरगोळ्या ठेवल्या. कुंकवाच्या लाल पाण्याची बाटली टांगली, जशी लोक भटकी कुत्री येऊ नयेत म्हणून फाटकाला टांगतात. कोकोनं त्या बाटलीखालीच पाय वर केला. शेवटी मी ओरडायला लागलो. तो कान पाडून माझ्याकडे बघायचा आणि माझं लक्ष नसताना उरकून घ्यायचा.

असाच एकदा ओरडत होतो तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला.

"हळदीच्या आधीच हळद लागली की वो तुमच्या लॉनला!"

मामा भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून उभे होते. पांढरी विजार, बंडी, पांढरी टोपी, कानात केसांचे झुपके. गंगाखेडकडच्या एका गावात त्यांची चांगली बागायत होती. मामी गेल्यावर मुलानं त्यांना इथं आणून ठेवलं आणि स्वतः पुण्याला गेला. मामा सांगायचे, "पोरानं घर बांधलं अन् मला कुलूप म्हणून लावलं."

"साहेब, त्याला वरडायलाव काऊन?" ते म्हणाले. "इथं करू नको म्हणता. कुठं कर, ते कवा सांगितलं?"

मी ओरडायचा थांबलो.

मामा सर्वज्ञ होते असं समजू नका. तुमच्याही शेजारी असा एखादा गृहस्थ असेल, ज्याला प्रत्येक गोष्टीवर मत असतं. मामांनी आमच्या लिंबाला फळं धरावीत म्हणून बुडात मीठ घालायला लावलं आणि लिंब मेलं. ते बशीतून चहा असा ओढायचे की शेजारच्या खोलीत कळावं. पत्त्यांत सरळ सरळ लबाडी करायचे आणि पकडलं की म्हणायचे, "म्हातारपणी तेवढं चालतंय." पण त्या दिवशी ते मागच्या दारानं आमच्या परसात आले आणि कोपऱ्यातल्या शेवग्याखाली उभे राहिले.

"ही जागा देऊन टाका त्याला."

त्यांनी तिथं तुरीचं भुसकट पसरलं. लॉनवरच्या ओल्या डागातली माती खुरप्यानं काढून त्यात मिसळली, वास ओळखीचा वाटावा म्हणून. लॉनभोवती तारेचं कुंपण घातलं. सकाळी उठल्याबरोबर कोकोला दोरी लावून, भिंतीच्या कडेकडेनं थेट तिथं न्यायचं. मग हात मागे, मान वर आणि ती शीळ.

"बैलाची शीळ हाय ही," ते म्हणाले. "नांगर चालू असला अन् बैल मुतायला थांबला, की आमी बी थांबायचो. शीळ घालायचो. म्हंजे त्याला कळतंय, घाई न्हाई."

पुढं ट्रॅक्टर आला, बैल विकले. त्यानंतर ही शीळ त्यांनी कोणासाठी घातली नव्हती. ते सांगताना मामा भुसकट पायानं सारखं करत राहिले.

कोको दोरी ताणून लॉनकडे बघायचा. मामा आभाळाकडे. केव्हातरी कोको कंटाळायचा आणि भुसकटात मोकळा व्हायचा. "शाब्बास रे सोन्या!" कोको हे नाव त्यांना मान्य नव्हतं. "कोंबडीला हाक मारल्यावानी वाटतंय." सोन्या त्यांचा शेवटचा बैल. गंमत म्हणजे कुत्रा त्या नावाला ओ द्यायला लागला. मी "कोको" म्हटलं की शेपूट हलायची. मामांनी "सोन्या" म्हटलं की सगळा कुत्राच हलायचा.

महिनाभरात कुंपण काढलं तरी कोको लॉनवरून न जाता कडेनं शेवग्याखाली जाऊ लागला. डागांच्या जागी बायकोनं नवीन गवत लावलं. मला आनंद व्हायला हवा होता, तसा झालाही. पण सकाळी फाटकाची कडी वाजली की कोको माझ्या पावलावरून हनुवटी उचलून धावत सुटायचा, आणि माझं पाऊल एकदम गार पडायचं.

हळद लॉनवरच झाली. हिरव्यागार गवतावर पिवळ्या साड्या फार सुरेख दिसत होत्या. बायको प्रत्येक पाहुण्याला मामांकडे बोट दाखवून सांगत होती, "हे सगळं मामांमुळं." मुलीनं वाकून नमस्कार केला तो आधी मामांना. मामा प्लास्टिकच्या खुर्चीत नवऱ्या मुलाच्या आजोबांसारखे बसले होते, गालाला हळद लावून. आणि कोकोनं हनुवटी त्यांच्या पावलावर ठेवली होती.

लेकीच्या हळदीत बापाच्या मनात काय असावं! मी त्या पावलाकडे बघत होतो.

मुलगी सासरी गेल्यावर दोन दिवसांनी मी मामांना म्हणालो, "मामा, आता आम्ही बघतो. तुम्हाला रोज कशाला तकलीफ?"

मामांनी माझ्याकडे जरा बघितलं. "बरं," म्हणाले. टोपी नीट केली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी कोकोला शेवग्याखाली नेलं. हात मागे बांधले. शीळ घातली. कोको खाली बसला. पुन्हा घातली. तो भिंतीकडे बघू लागला. तिसऱ्या दिवशी माझी पाठ वळताच तो लॉनच्या मध्यात गेला, आणि त्या आठवड्यात पुन्हा थाळी उमटली.

"मी दादाला फोन करते," बायको म्हणाली.

मग मी मामांच्या दारात गेलो. ते ओसरीवर शेंगा फोडत होते. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत असतानाच त्यांनी मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले.

"तुमची शीळ मी ऐकली वो पलीकडून," ते म्हणाले. "हुकूम सोडल्यावानी निघायलीय. बैल असता तर पळून गेला असता."

मला हसू आलं आणि राग पण आला.

"मी येत न्हाई तिकडं," ते पुढं म्हणाले. "तुमीच उभं राहा त्याच्या संगं. मी भिंतीच्या आडून शीळ घालतो. तुमी बी घाला, हळूच."

तसं सुरू झालं. मी शेवग्याखाली, मामा भिंतीआड, दोघांची शीळ एकदम. कोको गोंधळून एकदा भिंतीकडे, एकदा माझ्याकडे बघायचा आणि करायचा. रोज वाटायचं, हे त्यांच्या शिळेनं झालं. माझी नुसती सोबत. भिंतीपलीकडचा आवाज हळूहळू बारीक होत होता. मला वाटलं, म्हाताऱ्याचा दम कमी पडतोय. तेवढंच बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

एक दिवस कोको माझ्याकडेच बघत उभा राहिला आणि मोकळा झाला. मी भिंतीजवळ जाऊन म्हणालो, "मामा, आज लवकर झालं."

पलीकडे कोणी नव्हतं. फिरून त्यांच्या दारी गेलो तर ते आतल्या खोलीत दाढी करत होते.

"मी तर कवाच बंद केलंय," फेस लावलेल्या तोंडानं ते म्हणाले. "तुमच्याच शिळेनं करायलाय त्यो."

मी "आभारी आहे" म्हणालो असेन. मनातून मात्र जळत होतो. माझा कुत्रा मला परत देण्याचं कामही या माणसानं माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं, आणि मला कळूसुद्धा दिलं नव्हतं.

दिवाळीनंतर मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. गुडघे गेले होते, एकट्यानं होत नव्हतं. घर भाड्यानं दिलं. "तिथं वरच्या मजल्यावर फ्लॅट हाय," मामा म्हणाले. "गॅलरीत तुळस हाय म्हणे."

निघायच्या दिवशी गल्लीतली सगळी मंडळी गाडीजवळ जमली. मामांनी प्रत्येकाशी दोन शब्द बोलून घेतले. बायको रडली. मी कोकोला घरात बांधून ठेवणार होतो. मन मानेना. त्याची दोरी सोडली आणि फाटक उघडलं. म्हटलं, जायचं असेल तर जाऊ दे.

तो धावत गाडीपाशी गेला, दोन पाय दारावर टेकवून भुंकला. मामा पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी समोर बघितलं. काच वर होती. कोको पुन्हा भुंकला. गाडी हलली, तो काही अंतर मागे धावला.

"एकदा तरी बघायचं मामांनी," बायको पदर डोळ्यांना लावून म्हणाली. "एवढा जीव लावला मुक्या जनावराला."

त्यांनी मागे वळून नुसतं बघितलं असतं, तर कोको थेट रेल्वे फाटकापर्यंत गेला असता.

गल्लीच्या वळणावर गाडी खड्ड्यापाशी थांबली. मागच्या काचेतून मामांची पांढरी टोपी दिसत होती. मान ताठ. कोको रस्त्याच्या मधोमध थांबला, त्या टोपीकडे बघत राहिला, आणि मग मला शोधत मागे वळला.

टोपी तशीच ताठ होती, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.