नेनिताबाई आणि माझी पाठ

हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा, आमचं कार्पेट क्रीम रंगाचं आहे. आता ऐका. मी भर हॉलिडेवर, स्वतःच्या तोंडाने मागून मागून, वर प्लीज म्हणत मार खाल्लाय!

इंग्लंडातलं, त्यातून मिल्टन कीन्समधलं आपलं आयुष्य तुम्हाला माहीत आहेच. दिवसभर लॅपटॉप, मग गाडी, मग राउंडअबाउट, मग सोफा. माझी पाठ इतकी आखडली होती की मागून कुणी हाक मारली तर मी बससारखा अख्खाच्या अख्खा वळायचो. मेधाच्या, म्हणजे बायकोच्या, वॉर्डात जॉय नावाची नर्स आहे, फिलिपिन्समधल्या सेबू शहराची. ती म्हणाली, "सेबूला जा. समुद्र बघा, मसाज घ्या, माणसात याल."

गेलो! जाताना जॉयकडून तिथल्या बिसाया भाषेतले डझनभर शब्द कागदावर लिहून घेतले. परक्या गावी गेलं की दोन शब्द त्यांचे बोलावेत, हे आपलं तत्त्व!

आणि काय सांगू, जादू झाली हो! खानावळीत "लामी", म्हणजे चविष्ट, असं म्हटलं, तर मावशींनी आणखी एक मासा वाढला. जीपनीत, म्हणजे तिथल्या रंगीबेरंगी शेअर-गाडीत, "लुगार लांग" म्हटलं, तर गाडी चक्क थांबली! माझी छाती दोन इंच वर.

"मेधा, सहा महिने दे. इथे नगरसेवक होतो."

"आधी सरळ उभा राहा," मेधा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मसाज. जॉयने त्यासाठी खास दोन शब्द दिले होते: 'हिनाय' आणि 'कुसोग'. एक म्हणजे हळू, एक म्हणजे जोरात. कागद राहिला हॉटेलवर. पण डोकं होतं ना बरोबर! हिनाय, म्हणजे सरळच आहे, हाणा! मग कुसोग म्हणजे कुशीत घेतल्यासारखं, मऊ मऊ. सोपं की नाही?

नेनिताबाई साठीच्या, जेमतेम माझ्या खांद्याएवढ्या. मनगटं मात्र पन्नास माणसांची कणीक रोज मळल्यासारखी! पडद्यापलीकडच्या टेबलावर मेधा. मी पालथा, तोंड टेबलाला चेहऱ्यासाठी ठेवलेल्या त्या भोकात. बाईंनी अंगठा रोवला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"कुसोग," मी गोड आवाजात म्हणालो.

हात थांबला. बाईंनी काहीतरी विचारलं. भोकात तोंड असल्यावर काय कळतंय? आपण हसून म्हटलं, "येस, येस! कुसोग, पालिहुग." पालिहुग म्हणजे प्लीज. संस्कार आहेत आपल्यावर.

अंगठ्याच्या जागी कोपर आलं.

"कुसोग! कुसोग!"

कोपराच्या जागी गुडघा!

पलीकडून मेधा लाडात म्हणते, "एवढं आवडलंय का रे?" इकडे डोळ्यांतलं पाणी भोकातून टपटप फरशीवर पडत होतं. आता ब्रह्मास्त्र! जॉयने 'काआयो' म्हणजे 'खूप' असंही शिकवलं होतं. सगळा जीव एकवटून ओरडलो, "कुसोग काआयोऽऽ!"

एक सुस्कारा ऐकू आला. आणि नेनिताबाई, छताला आडवा बांधलेला बांबू धरून, दोन्ही पायांनी माझ्या पाठीवर उभ्या राहिल्या.

त्यानंतर जे ओरडलो ते शुद्ध मराठी होतं. मेधाने पडदा सारला.

"अरे, हे काय चाललंय?"

"कधीचा हळू हळू म्हणून सांगतोय! या ऐकतच नाहीत!"

तिने फोनवर शब्द शोधला, आणि टेबल धरून खालीच बसली. "सुहास... अरे, कुसोग म्हणजे जोरात!"

तिने बाईंना सांगितलं. त्या टुणकन उतरल्या, आल्याचा गरम चहा दिला, पाठीला काहीतरी थंडगार चोळलं, आणि खणखणीत इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "सर, मी चार वेळा विचारलं, दुखतंय का? हळू करू का? दर वेळी तुम्ही हसून म्हणालात, येस, आणखी जोरात!"

म्हणजे बाईंचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं!

मेधा डोळे पुसत म्हणाली, "वीस वर्षं इंग्लंडमध्ये काढलीस. 'जेंटली' एवढा एक शब्द तोंडात येऊ नये?"

तुम्हाला म्हणून खरं सांगतो. आला होता. तीनदा आला होता. पण बिसायात एवढ्या छान गप्पा रंगल्या होत्या, म्हटलं, मध्येच इंग्लिश बोलून आपलं इम्प्रेशन कशाला घालवायचं!