दोनदा दाबायची घंटा

माझ्या मोठ्या भावाला आम्ही घरात 'गाळणी' म्हणतो. तो मेंदूच्या प्रयोगशाळेत काम करतो, आणि तिथे काय चालतं हे विचारायची चूक जो करेल त्याचा चहा थंड होतो. तसा तो लहानपणापासूनच गाळत आलाय. एका हाकेत ओ देईल तर तो दादा कसला! आई जेवायला बोलवायची, हा पुस्तकातून मान वर करायचा नाही. लगोलग दुसरी हाक आली की मग "आलो" म्हणायचा. मी पहिल्या हाकेला उठले नाही तर मात्र धपाटा मिळायचा. मी ते विसरलेले नाही.

त्याचं काम असं: उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी जिथे घडतात त्या भागाचा, पातळ काप काढायचा, खारट पाण्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडून तो जिवंत ठेवायचा आणि त्याला विजेचे बारीक ठोके द्यायचे. दोन पेशी जिथे एकमेकींना निरोप देतात, त्या सांध्यांना म्हणे स्वभाव असतात. काही पहिल्या ठोक्याला भरभरून उत्तर देतात आणि पाठोपाठच्या ठोक्यांना दमतात. काही पहिल्याला जेमतेम 'हूं' करतात, पण त्याचा असर विरायच्या आत दुसरा ठोका आला तर जोरात बोलतात. दुसऱ्याला उशीर झाला, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अशा रीतीने फुटकळ ठोके गाळले जातात आणि कामाचे पुढे जातात.

"निसर्गाची अक्कल बघ," दादा म्हणायचा. निसर्गाला आहे हो. प्रश्न याचा आहे.

आईला अर्धांगाचा झटका आला. एक बाजू लुळी पडली, आवाज बारीक झाला. मोठा मुलगा म्हणून दादाने तिला आपल्याकडे नेलं आणि उशाशी लांब वायरीचं घंटेचं बटण लावलं. कुशीवर वळताना तिचा हात बटणावर पडायचा आणि हा काम टाकून धावायचा. वैतागला. मग त्याने स्वतःच एक डबी जोडली. बटण एकदा दाबलं तर आईच्या उशाशी नुसता दिवा लागणार. लगोलग दोनदा दाबलं तरच त्याच्या खोलीत घंटा वाजणार. "हिप्पोकॅम्पस असंच करतो," त्याने मला फोनवर अभिमानाने सांगितलं.

एका रविवारी दुपारी मी गेले. दादा संगणकावर ठोक्यांच्या रेघा बघत होता. "आई शांत आहे. सकाळपासून घंटा नाही," तो म्हणाला.

आई पलंग आणि भिंत यांच्यामध्ये घसरून पडली होती. कपडे ओले. लुळा न पडलेल्या दुसऱ्या हाताची बोटं तर संधिवाताने आधीच आखडलेली. त्याच हाताचा अंगठा बटणावर होता. दिवा लागायचा, विझायचा. बऱ्याच वेळाने पुन्हा लागायचा. घंटा गप्प.

तिला उचलून कोरडं केलं, तोवर माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. "तिला लगोलग दोनदा दाबता येतं का, बघितलंस कधी?"

"मी तपासली होती गं डबी."

"कुणाच्या हाताने?"

त्याने बटणाकडे पाहिलं. "माझ्या," तो म्हणाला.

"उंदरांचे सांधे आयुष्यभर तपासलेस. आईचं एक बोट नाही तपासता आलं?"

त्याच दिवशी मी आईला माझ्याकडे आणलं. दादाशी बोलणं सोडलं. लोक म्हणतात, चुकला बिचारा. बिचारी आई होती, जमिनीवर पडलेली. हा पलीकडे खुर्चीत होता.

मागच्या आठवड्यात मी आईला पाणी पाजत होते, तेव्हा दाराची घंटा वाजली. खिडकीतून दादाची चप्पल दिसली. मी जागची हलले नाही.

"उघड ना," आई म्हणाली.

"एकदाच वाजलीये."

दादाने पुन्हा वाजवली नाही. बाहेर नुसता उभा राहिला. आईने खुर्चीचा हात धरला आणि उठायची धडपड सुरू केली. मी तिला खांद्याला धरून बसवायला गेले, तर तिने माझा हात झटकला.

"दोन हाका त्याला लागायच्या," ती म्हणाली. "मला एक पुरते."

मी जाऊन दार उघडलं. त्याच्याशी बोलले मात्र नाही.