कोंड्यातले भुंगे

तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायचीच होती. त्या वयात मी नातीच्या डब्यातले सगळे भुंगे चाळून शेजारच्या कोंबड्यांना टाकले आणि वर घरभर सांगत फिरले, की पोरीचा डबा आता कसा लख्ख झाला बघा. आजही आठवलं की त्या अडुसष्टच्या बाईच्या हातातली चाळणी हिसकावून तिच्याच डोक्यात घालावीशी वाटते.

नातीनं आमच्या नांदेडच्या घरात दोन पाली पाळल्या होत्या. भिंतीवरच्या नव्हेत, पिवळ्या, ठिपक्यांच्या, जाड शेपटीच्या, काचेच्या पेटीत राहणाऱ्या. त्यांना जिवंत आळ्या लागायच्या. त्या ती घरातच, पसरट प्लास्टिकच्या डब्यात गव्हाच्या कोंड्यावर वाढवायची. दहावी झाली आणि माझ्या मुलानं तिला लातूरला धाडलं. पोरीला डॉक्टर करायचं म्हणजे लातूर, यात आमच्याकडं कुणी कुणाला विचारत नाही. तिला तर नाहीच विचारलं. होस्टेलवर पाली चालत नव्हत्या. मुलगा म्हणाला, देऊन टाक कुणाला तरी. पोरीचं तोंड बघून माझं डोकं फिरलं. म्हटलं, मी सांभाळते.

जाताना तिनं डब्याच्या झाकणावर कागद चिकटवला आणि मला अर्धा तास समजावलं. आळ्यांना गाजराचे काप, पालींना एक दिवसाआड सहा-सहा आळ्या, कॅल्शियमच्या पुडीत घोळवून. पुढंही बरंच काही होतं. मी नुसतं 'हाव, हाव' म्हणत शेंगा फोडत बसले होते. जन्मभर ज्वारी-तूर निवडलेल्या बाईला कोंड्यातल्या किड्यांचं कोण काय शिकवणार?

महिनाभरात डब्यात पांढरट, आखडलेले, न हलणारे जीव दिसायला लागले. मेले, असं ठरवून मी ते वेचून फेकले. काही नजरेतून सुटले, त्यांच्या जागी काळे भुंगे निघाले. भुंगा दिसला की धान्याचा नास, हे मला आईनं शिकवलेलं; माझे हात आपोआप चाळणीकडं गेले. मग दर आठवड्याला तेच. भुंगे कोंबड्यांना, खालचा भुगा उकिरड्यावर, डब्यात नवा कोंडा. दसऱ्यापर्यंत नुसता स्वच्छ कोंडा उरला. आळी एक नाही.

तेव्हा तरी तोंड उघडावं? मुलाला सांगितलं असतं तर त्यानं मोबाईलवरून दुसऱ्या आळ्या मागवल्या असत्या. पण आधी 'म्हणलो व्हतो ना' ऐकावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं. मी पालींपुढं भिजवलेले पोहे ठेवले. उकडलेलं अंडं ठेवलं. त्यांनी तोंड फिरवलं. अंगणातले चार-दोन नाकतोडे धरून टाकले, पण तेवढ्यावर किती दिवस? शेपट्या सुतळीसारख्या झाल्या. लातूरहून रोज फोन यायचा, पहिला प्रश्न पालींचा. मी सांगायचे, मजेत हायत. दिवाळीच्या आठवडाभर आधी त्यातली लहान पाल मेली. तिला जास्वंदीखाली पुरलं आणि संध्याकाळी फोनवर सांगितलं, दोघी मजेत हायत.

पोरगी दिवाळीला आली ती चपला न काढता पेटीपाशी गेली. आत एकच पाल. मग तिनं डबा उघडला. भुंगे कुठं गेले, म्हणाली. मी अजून तोऱ्यातच. म्हटलं, लई झाले होते, कोंबड्यांना टाकले. तिनं झाकणावरचा कागद ओरबाडून माझ्या हातात दिला. चष्मा लावून तो मी पहिल्यांदा वाचला. आळी आखडते तेव्हा मेलेली नसते, तिचाच भुंगा होतो. भुंगे अंडी घालतात, त्यांना हात लावू नको. सगळं मोठ्या अक्षरात, माझ्यासाठी.

मुलगा सोफ्यावरून हसला. एक कटकट गेली, दुसरीही जाईल, म्हणाला. मी त्याच्यावर अशी उसळले की स्वयंपाकघरातली सून बाहेर आली. पोरीला न विचारता घरातून उचलून लातूरला टाकलंस, आणि ती ठेवून गेली तेवढंही आपल्याला राखता आलं नाही, असं काहीतरी ओरडले. त्यातलं 'आपल्याला' ही माझी लबाडी. निम्मा राग माझा माझ्यावरच होता, पण मुलगा समोर बसलेला होता, सापडला.

पोरगी रडली नाही. उरलेली पाल तळहातावर घेऊन माझ्याशेजारी बसली. आता म्हणेल, जाऊ दे आज्जी, असं त्या अडुसष्टच्या शहाणीला वाटलं. नात म्हणाली,

"चुकून मारलीस त्याचं काय न्हाई. पण मेली तर मेली म्हणून सांगायचं ना गं. मी तिथं मेसमध्ये रोज, त्या जेवल्या असतील म्हणून जेवत व्हते."