तिसऱ्या जागेवरची फळी

जुस्टीना कोशीर ज्या गोष्टीकडे पाहायची, नेमकी तीच तिला दिसत नसे. दोन वर्षांपासून डोळ्यांच्या ऐन मध्यभागी धुरासारखा एक ठिपका येऊन बसला होता. माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं की चेहरा जायचा, कान राहायचे. घड्याळाकडे पाहिलं की काटे जायचे, भिंत राहायची. कडेकडेचं मात्र चांगलं दिसायचं, रंग, आकार, हललेलं काही. म्हणून ती सगळ्याकडे जराशी तिरकी पाहायला शिकली होती, आणि लिपोव्का गावात लोक म्हणायचे की नवरा गेल्यापासून जुस्टीनाला गर्व झालाय, नजरेला नजर देत नाही.

तिनं ते खोडून काढलं नाही. गर्विष्ठ म्हणवून घेणं परवडलं.

घरामागे मधमाश्यांचं लाकडी घर होतं. चौदा पेट्या, सातसातच्या दोन रांगा. प्रत्येक पेटीच्या तोंडावर तिच्या नवऱ्यानं, लोव्रेंत्सनं रंगवलेली फळी. एकीवर शिकाऱ्याची प्रेतयात्रा काढणारे प्राणी, एकीवर बाईच्या जिभेला सहाणेवर धार लावणारा लाल सैतान, एकीवर जळत्या घरावर पाणी ओतणारा संत फ्लोरियान, एकीवर शिकाऱ्याची दाढी करणारा कोल्हा. लोव्रेंत्स म्हणायचा, माशी चित्र पाहून आपलं घर ओळखते. जुस्टीना म्हणायची, माशी जागा ओळखते, चित्रं आपल्यासाठी. एका वसंतात त्यानं सगळ्या फळ्या पुन्हा रंगवायला उतरवल्या. आठवडाभर पेट्या उघड्याबोडक्या राहिल्या आणि प्रत्येक माशी सरळ आपापल्या दारात उतरली. "हवा चांगली होती," लोव्रेंत्स म्हणाला, आणि भांडण पुढे चालू राहिलं. बेचाळीस वर्षं चाललं. तो गेला तरी तिच्या बाजूनं ते संपलेलं नव्हतं.

रंगवायचं काम त्याचं, मोजायचं तिचं. किती वसाहती जिवंत आहेत याची सरकारी नोंद जूनअखेर आणि ऑक्टोबरअखेर करायची असते, आणि हल्ली ती संगणकावरूनच. लाकडाच्या गिरणीच्या कचेरीत तीस वर्षं टायपिंग केलेल्या बाईला त्याचं काही वाटायला नको होतं. बोटांना कळा पाठ होत्या. अडचण होती ती पडद्याच्या माथ्यावर. तिथे उघडलेल्या पानांचे टॅब असायचे, चिंचोळे, सगळे करडे, वर मुंगीएवढी अक्षरं. एक बंद केला की बाकीचे सरकून एकमेकांच्या जागेवर येऊन बसायचे. जूनमध्ये वर्तमानपत्राचं पान मिटतो आहोत असं समजून तिनं भरत आणलेला अर्जच मिटला, आणि नोंद झाली असं समजून उठली. पंधरा दिवसांनी चौकशीला एक बाई आल्या. भल्या होत्या. लिंडनच्या फुलांचा चहा प्यायल्या, समोर बसून अर्ज भरून घेतला आणि गेल्या. पण ही गोष्ट डाम्यानच्या कानावर गेली.

डाम्यान तिचा मुलगा, सीमेपलीकडे ग्राझला राहायचा, गाडीनं अडीच तासांवर. डोळ्यांचं फक्त त्यालाच ठाऊक होतं. तो रविवारी आला, आणि सूप संपलं तसा म्हणाला,

"आई, पेट्या शेजारच्या ब्लाझकाकांना देऊन टाकू."

"का? त्यांनी मागितल्या?"

"मी म्हणतोय. आज तुला अर्ज दिसला नाही, उद्या माश्यांना धूर द्यायचं पेटतं भांडं दिसणार नाही. माश्यांच्या घराच्या पायरीवरून पडलीस तर उचलायला कोण येणार? माश्या?"

"तुझ्यापेक्षा लवकर पोचतील."

डाम्यान हसला नाही. त्यानं चमचा ताटलीत नीट आडवा ठेवला, थेट बापासारखा.

"ऑक्टोबरची नोंद तू एकटीनं कर. मी मागे बसेन, तोंडातून अक्षर काढणार नाही. जमलं तर हा विषय मी परत काढायचा नाही. नाही जमलं तर पेट्या ब्लाझकाकांच्या, आणि तू माझ्याकडे."

"ग्राझला? तिथे मी काय मोजू? ट्रामगाड्या?"

तिनं ताटल्या उचलल्या. त्याची भीती खोटी नव्हती, तेच तिला जड जात होतं.

सप्टेंबरात मधपाळांच्या संस्थेची बैठक नेहमीप्रमाणे गावच्या बंबवाल्यांच्या इमारतीत, माडीवर भरली. संस्थेचा अध्यक्ष ब्लाझ रेसेट, जुस्टीनाचा शेजारी. त्यानं बातमी आणली होती. क्रान्य शहरातली सात तरुण मंडळी एक नवा ब्राउझर बनवत होती, नाव ‘चोल्न’, म्हणजे होडी. नोव्हेंबरात ती पाण्यात उतरवायची होती. त्याआधी त्यांनी गावोगावच्या संस्थांना कळवलं होतं, वापरून पाहा आणि काय हवं ते मागण्यांच्या पानावर लिहा. ज्या मागणीला पन्नास मतं पडतील ती आधी हाती घेऊ.

"बोला," ब्लाझ पेन्सिल ओली करत म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदाच कोणी आपल्याला विचारतंय."

"मला फक्त माझ्या उतारावरचं हवामान दाखवा," टोने म्हणाला. "तिकडे राजधानीत, ल्युब्लियानात पाऊस पडतोय, त्याचं मी काय करू?"

फ्रांत्स्का म्हणाली, "दूध काढायच्या वेळेला ते आपोआप बंद पडलं पाहिजे. म्हणजे आमचे हे खुर्चीतून उठतील."

शहाऐंशी वर्षांचे व्हालेंटिन आजोबा बराच वेळ विचार करून म्हणाले, "मागे जायचं बटण मोठं करा. पुढे जायचं बारीक असलं तरी चालेल. मला आता पुढे कुठे जायचंय!"

हशा ओसरल्यावर ब्लाझ वळला. "जुस्टीना, तुझं?"

"टॅबला फळी हवी," ती म्हणाली. मग कोणालाच कळलं नाही म्हणून तिला समजावून सांगावं लागलं. "पेटीला असते तशी. प्रत्येक टॅबवर मी निवडलेलं चित्र, मोठं, रंगीत. सैतान म्हणजे वर्तमानपत्र, फ्लोरियान म्हणजे हवामान." खाली बसता बसता तिला आणखी एक सुचलं. "आणि हो, टॅबनं आपली जागा सोडायची नाही. शेजारची पेटी काढली म्हणून पेटी सरकते का?"

"ही खरी मागणी," ब्लाझ म्हणाला, आणि त्यानं बाकी सगळ्या खोडल्या. सगळ्यांना वाटलं, लोव्रेंत्सच्या आठवणीनं बोलते आहे. तिनं वाटू दिलं.

मत ज्यानं त्यानं आपल्या घरून दिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण लिपोव्कात छप्पर घालायचं असो की गवत कापायचं, माणसं जमून करतात. शनिवारी एकेचाळीस जण माडीवरच्या एकुलत्या एका संगणकापुढे रांगेत उभे राहिले. जुस्टीनानं पोतिका, अक्रोडाचं सारण भरलेली गोड पावाची गुंडाळी, भाजून नेली होती. एकेक जण टोपी काढून बसला, आपलं नाव घातलं, मत दिलं आणि पोतिकेचा काप उचलून खिडकीपाशी गेला. शेजारच्या गावातले नऊ ब्लाझनं फोन करून वळवले होते, ते सोमवारी देणार होते. शेवटचा माणूस उठला तेव्हा आकड्याच्या जागी एक होता. खाली लिहिलं होतं की एकाच ठिकाणाहून आलेली चाळीस मतं बनावट धरून रद्द केली आहेत आणि मागणी बंद करण्यात येत आहे.

"बनावट!" ब्लाझचा आवाज चिरकला. "जुन्या, एकाच पक्षाच्या राज्यातसुद्धा मतं मोजायचे. शंभरातली शंभर निघायची ही गोष्ट वेगळी, पण मोजायचे!"

"म्हणजे आम्ही एकेचाळीस मिळून एक माणूस?" व्हालेंटिन आजोबांनी विचारलं.

"आमच्या घरी तसंच आहे," फ्रांत्स्का म्हणाली. "माणसं पाच, मत माझं."

सगळे हसले, पण टोप्या कपाळावर ओढूनच जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुस्टीना आपल्या घरच्या संगणकापुढे बसली. बंद झालेल्या मागणीखाली एक चौकट होती, काही सांगायचं असल्यास लिहा, असं आदल्या दिवशी ब्लाझनं मोठ्यानं वाचलं होतं. ते पान कोणालाही वाचता येत होतं. गाव वाचणार होतं. ती थोडा वेळ बोटं कळांवर ठेवून बसली, मग पडद्याकडे न पाहता लिहीत गेली.

‘मी जुस्टीना कोशीर, वय एकाहत्तर, लिपोव्का. ती माणसं खरी आहेत. त्यांनी पोतिका खाल्ली, ताटं मी धुतली. मतं धरू नका, पण त्यांना लबाड म्हणू नका. गरज माझी एकटीची आहे. माझ्या डोळ्यांना मधलं दिसत नाही. अक्षर मोठं केलं तर मोठं अक्षर जातं. रंग दिसतात. माझ्या चौदा पेट्यांतली कुठली कुठली ते मला दहा पावलांवरून कळतं, कारण एकीवर लाल सैतान आहे आणि एकीवर हिरवा शिकारी. तुमचे टॅब सगळे एका रंगाचे आहेत. ऑक्टोबरअखेर मला एक अर्ज भरायचा आहे. तो मी भरला तर माश्या माझ्याकडे राहतील.’

वाचून पाहणं शक्य नव्हतं. तिनं पाठवून दिलं.

दोन दिवसांनी ती माश्यांच्या घराकडे गेली तर पायरीची कड झगझगीत पिवळी झालेली. कुंपणापलीकडे ब्लाझ उगाच दोरी गुंडाळत होता.

"हे काय?"

"रंग उरला होता."

"कशातला? तुझ्या घरात पिवळं काय आहे?"

"उरला होता म्हटलं ना बाई."

आणि तो दोरी घेऊन घरात गेला. पण त्या आठवड्यापासून रस्त्यात भेटणारी माणसं तिच्यापुढे जराशी बाजूला उभी राहू लागली, तिला दिसावीत म्हणून. टोने तर इतका बाजूला उभा राहायचा की ती म्हणाली, "अरे, मधे ये, नाहीतर गटारात जाशील." गर्वाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

आणि क्रान्यहून फोन आला.

"जुस्टीनाकाकू का? मी नेया, चोल्नवाल्यांची. आधी माफी मागते. त्या चाळीस लोकांची..."

"एकेचाळीस. आणि ब्लाझची वेगळी माग, त्याला जास्त लागलंय."

नेया हसली. आवाजावरून पंचविशीची वाटत होती. "काकू, टॅब जागेवर राहायचं सोपं होतं, ते मी काल करून टाकलं. उद्या सगळ्यांनाच मिळेल. कंट्रोल दाबून तीन दाबलंत की तिसरा टॅब, काही झालं तरी तिसराच. चित्रांचं अवघड आहे. आम्ही सातच जण, नोव्हेंबर डोक्यावर. तुमच्यापुरतं करून देते, पण कच्चं आहे हं. केव्हा मोडेल सांगता येत नाही."

"माझंही तसंच आहे."

"फळ्यांचे फोटो पाठवाल? किती?"

"सात," जुस्टीना म्हणाली. "वरची रांग."

महिनाभर तिनं सराव केला. पडद्याच्या माथ्यावर लोव्रेंत्सची वरची रांग उभी होती, जशीच्या तशी, त्याच क्रमानं. पहिला लाल सैतान, तिथे वर्तमानपत्र. दुसरा फ्लोरियान. तिसरी शिकाऱ्याची प्रेतयात्रा, तिथे तिनं सरकारी अर्ज ठेवला. दाढी करणाऱ्या कोल्ह्यावर डाम्यान, तो बोलायला यायचा ते पान. हे तिनं त्याला सांगितलं नाही. कधीकधी काही काम नसताना ती नुसती तिरकी बसून त्या रांगेकडे पाहायची.

ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवशी डाम्यान आला. दुसऱ्या दिवशी थडग्यांवर मेणबत्त्या लावायच्या असतात, त्यासाठी तो येणारच होता. तो येण्याआधी जुस्टीनानं मोजणी केली. प्रत्येक पेटीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि कान लावायचा. आत सळसळ उठते आणि विरते. वरच्या रांगेतली पाचवी पेटी उत्तर देईना. तिनं पुन्हा वाजवलं, मग बराच वेळ त्या लाकडावर हात ठेवून उभी राहिली.

जेवणानंतर ती संगणकापुढे बसली. डाम्याननं खुर्ची मागे ओढून घेतली. चोल्न उघडलं. काहीतरी नवीन भरलं जातंय असं पडद्यावर फिरत राहिलं, थांबलं, आणि वरची रांग आली. सात करडे टॅब. एकही चित्र नाही.

मागे डाम्याननं श्वास आत ओढला. शब्द पाळला, बोलला नाही.

जुस्टीनानं लाल शोधलं. लाल नव्हतं. डोकं डावीकडे केलं, उजवीकडे केलं. हिरवा शिकारी नव्हता. नेयाला फोन करावा, असं मनात आलं, पण तो एकटीनं केल्याचा हिशेब झाला नसता. हात मांडीवर येऊन पडले. पायाखाली फरशी गार होती, स्वयंपाकघरात नळ थेंब थेंब गळत होता.

मग तिला तो वसंत आठवला. उघड्याबोडक्या चौदा पेट्या, अंगणात वाळत घातलेल्या फळ्या, आणि प्रत्येक माशी सरळ आपल्या दारात.

तिनं पडद्याकडे पाहायचं सोडूनच दिलं. डोळे खिडकीकडे, बोटं कळांवर. कंट्रोल, तीन. पुढचा अर्ज तिला पाठ होता, नाव, गाव, नोंदणीचा क्रमांक, चौथ्या चौकटीत वसाहती. तिनं तेरा लिहिलं. क्षणभर थांबून पाठवायची कळ दाबली.

पान हिरवं झालं. हिरवं तिला दिसत होतं.

"झालं," ती म्हणाली.

डाम्याननं खुर्ची पुढे ओढली. "चित्रं होती म्हणालीस ना?"

"होती. सकाळपर्यंत होती."

"मग कळलं कसं?"

"जागेवरून." तिनं चष्मा काढून पुसला. त्या चष्म्याचा आता काही उपयोग नव्हता. "उद्या तुझ्या बाबांना सांगायचंय हे. नुसत्या मेणबत्त्या लावून परत यायचं नाही, मला तिथे थोडा वेळ लागेल."

"तेरा लिहिलंस."

"तेराच आहेत."

पेट्यांचा विषय त्यानं काढला नाही. ती पुन्हा कळांकडे वळली आणि मागण्यांच्या पानावर लिहू लागली. तो मागून वाचत होता. ‘नेया, फळ्या गेल्या. काम अडलं नाही, पण परत लाव. त्यांच्याशिवाय करमत नाही.’

"आई, याला मत कसं द्यायचं?" डाम्याननं हात पुढे केला.

"इथून नको," ती म्हणाली. "इथून दिलेलं धरत नाहीत. घरी गेलास की दे."