काशीबाईचं पान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही — तिच्या शेवटच्या आजारपणात उशाशी बसलो असताना एकदा ओठांपर्यंत आलं होतं, ते परत गिळलं. मुलाला तर नाहीच. किती वर्षं टाळलं, ते मोजायलाही आता भीती वाटते. आता स्वतःच्याच हातानं लिहितोय. कारण ही गोष्ट माझ्या हाताच्या सहीची आहे.

खेड्यांतल्या उपकेंद्रांवर ज्या नर्सबाई जातात, त्यांना शिकवणाऱ्या सोलापुरातल्या एका लहानशा केंद्रात मी आरोग्यशिक्षण शिकवायचो. मुली करकंब, अक्कलकोट अशा बाजूच्या, बहुतेक शेतकऱ्यांच्या. लसी, पिण्याचं पाणी, अतिसार — हे मी चांगलं शिकवायचो. सरांचं लगेच डोक्यात बसतं, असं मुली म्हणायच्या. हे इथं सांगायची गरज होती का? नव्हती. पण बघा, अजूनही सुरुवात मी स्वतःची बाजू धरूनच करतोय.

पुस्तकात एक प्रकरण होतं, संततिनियमन आणि स्त्रियांचं आरोग्य. ते शिकवणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या आणि ते माझ्याकडे आलं. त्यांच्या कपाटात एक पत्र्याची पेटी होती. गर्भाशयाचा नमुना, तांबी, निरोध, गोळ्यांची पाकिटं. आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेली एक यादी — गोळ्या देण्याआधी बाईला काय काय विचारायचं, त्याची. पेटीची किल्ली माझ्या खिशात असायची. वर्गात ती पेटी मी एकदाही उघडली नाही.

लाज वाटली म्हणून? हो. चाळीस पोरींसमोर एकटा पुरुष, फळ्यावर ते शब्द लिहायला खडू पुढं सरकेना. पण लाज वाटली तर दुसऱ्या केंद्रातून एखादी बाई दोन दिवस बोलावता आली असती. तेवढंही मी केलं नाही. हे घरी वाचून या, म्हणायचो, आणि पुढचं पान उघडायचो.

मग परीक्षेचं काय? त्याची एक रीत पडून गेली होती. प्रत्येक मुलीनं एका खऱ्या बाईला भेटून कुटुंबनियोजन समजावायचं, आणि तिचं नाव, वय, मुलं, तिनं काय विचारलं, आपण काय सांगितलं, हे सगळं प्रात्यक्षिकाच्या वहीत लिहायचं. खाली शिक्षकाची सही. ज्यांना शिकवलंच नाही त्या समजावणार काय? त्या मागच्या तुकडीची वही आणून उतरवून काढायच्या. मला ते ठाऊक होतं. त्या पानावर दर वर्षी एकच बाई असायची — काशीबाई, वय एकोणतीस, विडी वळणारी, दोन मुलं, धाकटं दीड वर्षाचं. नऊ वर्षं काशीबाई एकोणतीसचीच राहिली. नऊ वर्षं तिचं धाकटं दीड वर्षाचंच. तपासणी जवळ आली की चहा पीत पीत मी चाळीसही वह्यांवर सह्या करायचो. एका वर्षी तर काशीबाईचं वय बघून मला हसू आलं होतं.

अक्कलकोटकडची एक मुलगी होती, रेणुका. घरी कानडी, बाहेर मराठी. ती एकटी एकदा वर्गात उभी राहिली.

"सर, ती पेटी उघडून दावा की. घरी कोण दावनार आमाला?"

मी काय म्हणालो असेन?

"का गं, लगीन ठरलंय का तुझं? लई घाई दिसतीय."

वर्ग हसला. मीही हसलो. ती खाली बसली आणि वर्षभरात परत कधी काही विचारलं नाही. वहीत तिनंही काशीबाईच उतरवली. मी सही केली.

पुढं तिला एका गावच्या उपकेंद्रावर कंत्राटी नोकरी लागली. दोन वर्षं कुणाची तक्रार नव्हती. मग सुशीला नावाची एक बाई तिच्याकडं पाळी लांबवायला नव्हे, मूल थांबवायला गोळ्या मागायला आली. वय चाळिशीला टेकलेलं, चार मुलं, नवऱ्याला कळू द्यायचं नव्हतं. रेणुकानं पाकीट दिलं. तुमचं डोकं दुखतं का, मागच्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, हे विचारलं नाही. बीपी मोजलं नाही. काही महिन्यांनी सुशीला चुलीपुढं भाकरी थापताना पक्षाघातानं एका अंगावर कोसळली. बीपी असलेल्या बाईला त्या गोळ्यांचा हाच धोका असतो. जीव वाचला. उजवा हात गेला तो गेलाच.

त्या पुठ्ठ्यावरचा पहिलाच प्रश्न बीपीचा होता.

चौकशी लागली. रेणुकानं सांगितलं, आम्हाला हे शिकवलंच नव्हतं. मला बोलावणं आलं, तिची वही घेऊन या. आदल्या दिवशी मी कपाटातल्या सगळ्या जुन्या वह्या बाहेर काढल्या. नऊ वर्षांच्या काशीबाई. त्या सुतळीनं बांधल्या, रिक्षात घातल्या आणि रद्दीवाल्याकडं देऊन आलो. रेणुकाची एकच मागं ठेवली. का ठेवली, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

चौकशीला तालुक्याच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी काशीबाईचं पान उघडून रेणुकापुढं ठेवलं. रेणुकानं त्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, हे उतरवलेलं हाय, समद्याच उतरवायच्या, बाकीच्या वह्या मागवून बघा. डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, जुन्या वह्या रद्दीत जातात. खोटं नव्हतंच ते, नाही का?

मग रेणुका माझ्याकडं वळली.

"सर, तुमीच सांगा. ती पेटी कदी उघडली व्हती का?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच वाटत होतं, की मी सांगेन.

"शिकवलं होतं," मी म्हणालो. "तिच्या वहीवर माझी सही आहे."

तिची नोकरी गेली. माझी राहिली. पुढच्या वर्षी एक बाई शिकवायला आल्या आणि ती पेटी मी किल्लीसकट त्यांच्या हवाली केली. निवृत्तीला मला शाल-श्रीफळ मिळालं.

सुशीलाच्या गावी मी कधी गेलो नाही. तिचा चेहराही मला ठाऊक नाही. तिच्याबद्दल मी इतकंच लिहू शकतो, आणि हे इतकंच असणं हेच माझ्याबद्दल पुरेसं आहे.

आता मी मुलाकडं जुळे सोलापूर भागात राहतो. मागच्या वर्षी सूनबाई म्हणाली, पलीकडच्या गल्लीत एक रेणुकाताई कडक भाकरी छान करतात, त्या आधी नर्स होत्या म्हणे.  चार दिवस वाक्य जुळवत होतो. फिरायला जाताना मनात म्हणून बघायचो — रेणुका, मी शिकवलं नव्हतं, तू खरं बोलत होतीस. एवढंच. पाचव्या दिवशी सकाळी गेलो.

दारात तवा, शेजारी सुपात भाकऱ्यांची चळत. केस पिकलेले, पण तीच. माझ्यापुढं गल्लीतली एक तरुण बाई उभी होती, कडेवर लेकरू. दोघींचं बोलणं चाललं होतं. रेणुकानं तिला हळूच विचारलं, गोळ्या कुणी दिल्या? बीपी बघितलं का? डोकं दुखतंय का अधनंमधनं? पायाला सूज? अंगावर पाजतीस अजून? मग आधी दवाखान्यात जाऊन बीपी मोजून घे, बाई, तवर गोळी घिऊ नगं.

तो पुठ्ठा. सगळे प्रश्न. मी न दाखवलेले. कुठून शिकली, कुणाकडून, नोकरी गेल्यावर कशासाठी?

ती बाई गेली. रेणुकानं मान वर केली. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"किती देऊ, सर?"

वाक्य तोंडात होतं. सगळे शब्द, ओळीनं. तिनं वाट पाहिली, भाकरीचा कागद हातात धरून.

"दहा," मी म्हणालो.